ओव्हर घ्यायला कोणी नाही

नागपूरची एसटी आमच्या सावली गावच्या स्टँडवर लागली तेव्हा आई धानाचा रोवणा अर्धा टाकून शेतातल्या बांधीतून तशीच आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात डब्याची पिशवी. मला नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्सची ऑर्डर आली होती आणि आईला एकच गोष्ट सांगायची होती. "काईबी होवो, नोकरी सोडू नोको, बाई." कंडक्टरने घंटी मारली. सिंदेवाही मागे पडेपर्यंत मी रडत होते, मग चक्क झोपले.

ती नोकरी मी सोडली. गडचिरोलीच्या नर्सिंग स्कूलमधल्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्यातल्या काही अजून तिकडच्याच आरोग्य केंद्रांत आहेत, काही पार आखातात पोचल्या. तुम्ही ग्रुपवर विचारता, "मॅडम, बिझनेस कसा चाललाय?" मी नुसता अंगठा टाकते. खरं उत्तर हे, की भीती वाटते. रोज वाटते.

काम तुम्हाला ठाऊक आहे तेच. छोट्या दवाखान्यांत जाऊन तिथल्या सिस्टरांना शिकवायचं. हात कसे धुवायचे, औजारं कशी निर्जंतुक करायची, तपासणी यायच्या आधी वॉर्ड कसा लावायचा. फक्त आता माझं व्हिजिटिंग कार्ड आहे आणि त्यावर 'सल्लागार' छापलंय. डॉक्टर कार्ड बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "बाकी कोण येणार आहे?"

यशस्वी लोकांच्या सवयींचे व्हिडिओ मीही पाहिले. पहाटे उठा, आरशासमोर उभं राहून 'मी जिंकणारच' म्हणा. म्हटलं. ऑपरेशनला नेण्याआधी आपण पेशंटला धीर देतो ना, अगदी त्या सुरात निघालं, आणि पेशंट काही शांत होईना. शेवटी कामी आली ती वॉर्डातलीच सवय. ड्युटी संपताना आपण ओव्हर द्यायचो. एकेक बेड, कोणाला काय झालं, काय करायचं राहिलं, सगळं पुढच्या सिस्टरच्या कानावर घालायचं. तिने मान हलवली की आपण मोकळ्या. धंद्यात ही पुढची सिस्टरच नसते, त्यामुळे ड्युटी अंगावरून उतरतच नाही.

म्हणून मी संध्याकाळी फोनवर आईला ओव्हर द्यायला लागले. दवाखान्यांना बेडचे नंबर दिले. एक नंबरचं ट्रेनिंग झालं, दोन नंबरचे डॉक्टर फोन उचलत नाहीत, तीन नंबर पुढच्या महिन्यात बोलावणार. आई तांदूळ निवडत 'हूं' म्हणायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसणार, असं मी धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात तीन नंबरने काम रद्द केलं. पुढचा महिना त्याच्यावरच उभा होता. त्याच दुपारी जुन्या दवाखान्यातल्या मेट्रन मॅडमचा फोन आला. इन्चार्जची जागा रिकामी आहे, येतेस का, सोमवारपर्यंत सांग. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. संध्याकाळी मी आईला एक नंबर सांगितला, दोन सांगितला आणि थेट चारवर गेले.

"तीन नंबर काऊन नाई सांगितला?" आई म्हणाली.

मग सगळं सांगितलं, मॅडमच्या फोनसकट. आई म्हणाली, "घे व ती नोकरी. तू सांगतेस अन् झोपतेस, मले निंद नाई येत. तो दोन नंबरचा डॉक्टर फोन काऊन उचलत नाई, हेच डोक्यात घुमते."

मी मोकळी होत होते ती अशी. माझी धास्ती रोज सावलीला पोचत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. नंतर मी फक्त चांगलं तेवढंच सांगू लागले, तर आई भडकली. "मले पेशंट समजतेस का? खरं सांग. निंद त तशीबी नाई येत."

सोमवारी मी मॅडमना नाही म्हटलं. फार मोठी हिंमत आली होती असं समजू नका. तिथे पगार वेळेवर आला असता, रोज कोणीतरी माझी ओव्हर घेतली असती. पण मी शिकवलेली एखादी नवी सिस्टर पहिल्यांदा डॉक्टरांना "सर, आधी हात धुवा" म्हणते, तेव्हा तिचा आवाज कापतो आणि तरी ती म्हणते. ते बघणं मला सोडवत नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं.

"मंग उद्या कुठी जातेस?"

"कोरपन्याले. नवीन दवाखाना आहे. पण काम पक्कं नाई अजून."

"आपल्याच जिल्ह्यात! मंग घरी येजो."

"नागपूरवरून जाताना सावली रस्त्यात नाई पडत, आई."

"नाई पडत त नाई पडत. येजो."

मैत्रिणींनो, पूर्वी मला वाटायचं, सगळं फसलं तर जाऊन पडायची जागा म्हणजे घर. आता तिथे एक बाई माझ्या काळजीने जागी असते, हे मला माहीत आहे, आणि मी तिला झोपवू शकत नाही. माझ्या कामाच्या कुठल्याच रस्त्यात ते घर पडत नाही. कोरपन्याचं काम मिळो न मिळो, मी वाट वाकडी करून जाणार आहे.