धानानं घासलेलं लोखंड

आयटीआयमधून पेंटर होऊन निघालो, तेव्हा जो तो एकच सांगायचा, पुण्याला जा, भंडाऱ्यात रंगाऱ्याला काय काम? ऐकून कान किटले होते. तोवर हात रिकामा नको म्हणून तुमसरच्या एका राईस मिलमध्ये यंत्रं रंगवायला लागलो.

पहिल्याच दिवशी शहाणपणा केला. धान ज्या लोखंडी नळकांड्यातून खाली घसरतं, त्याच्या आतही प्रायमर लावायला ब्रश घातला. सोबतचे म्हातारे पेंटरकाका ओरडले, "आत कायले लावून राहिला बे? लोकायले भातात रंग चारतो का? टॉर्च मारून पाह्य!"

वाकून पाहिलं आणि तसाच राहिलो. वर्षानुवर्षं धान घसरून आतलं लोखंड आरसा झालं होतं. इतकं गुळगुळीत काम आमच्या वर्कशॉपच्या बफिंग मशीनला कधी जमलं नव्हतं. त्यात माझंच तोंड दिसत होतं, उघडं पडलेलं.

"आतलं काम धान करते," काका म्हणाले. "बाहेर दर पावसाळ्यात गंज चढते, ते आपलं. मिला किती हायेत ते मोज."

अजून मोजतोच आहे. शेवटची रंगवून होईपर्यंत पहिलीला गंज चढलेला असतो.