बद्रीनाथांचा इंग्रजी अर्ज

फुलंब्रीच्या बद्रीनाथांचं उर्दू अक्षर औरंगाबादच्या कचेरीत नावाजलेलं होतं. रजेचा अर्ज असो की बदलीचा, लोक तो त्यांच्याकडूनच लिहून घेत. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि दोन वर्षांत कचेरीचं कामकाज इंग्रजीत सुरू झालं. बाहेरून आलेल्या नव्या साहेबानं सांगितलं, "पेशकाराची जागा रिकामी आहे. ज्याला हवी त्यानं स्वतः इंग्रजीत अर्ज करावा." साहेबापुढे कागद मांडायच्या त्याच मानाच्या जागेकडे बद्रीनाथ बारा वर्षं डोळे लावून बसले होते.

त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून जुनी डिक्शनरी आणली. रोज सकाळी दहा शब्द. सोपे शब्द सोडूनच दिले. साहेबाला सोप्या शब्दांत लिहिणं म्हणजे उघड्या डोक्यानं त्याच्यासमोर जाणं. भाकरी थापता थापता त्यांची बायको सारजाबाई ऐकायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ध्यान पक्कं.

"मॅग्नॅनिमस," बद्रीनाथ डोळे मिटून म्हणत, "म्हणजे दयाळू."

"अवं, दयाळू तं काल बेनेव्होलंट व्हता. ह्यो मोठ्या मनाचा."

"व्हय की! तूच जा मग कचेरीत."

"जाते. भाकरी तुम्ही थापा."

तीन महिन्यांनी दोन पानी अर्ज तयार झाला. उर्दूतल्या रिवाजाप्रमाणे आधी साहेबाची थोरवी, मग स्वतःचं लहानपण, आणि अगदी शेवटी, संकोचत, मागणं.

साहेबानं सगळ्यांना बोलावून तो मोठ्यानं वाचला. एकेका शब्दावर थांबून भुवया उडवल्या. "हा अर्ज आहे की माझी आरती?"

कचेरी हसली. ज्यांचे अर्ज बद्रीनाथांनी फुकट लिहून दिले होते, तेही हसले. जागा कडूबाला मिळाली. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्या कडूबानं चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यातल्या दोन चुकीच्या. बद्रीनाथांना जुने उर्दू कागद बांधायला दफ्तरखान्यात पाठवलं.

ते घरी आले ते चपला न काढताच उंबऱ्यावर बसले.

"कोणता सबूद चुकला?" सारजाबाईंनी विचारलं.

"एकबी नाय."

"मंग हसले कशापायी?"

"मी अदब केली गं. त्याला खुशामत वाटली."

पुढची अठरा वर्षं ते दफ्तरखान्यातच राहिले. रजा लागली की अर्ज शेजारच्या कारकुनाकडून लिहून घेत, आणि खाली फक्त सही करत.