उशीला धरून नाच

सिडकोत आमच्या समोर राहणारे भाऊ तहसील कचेरीतून रिटायर झालेले. बोलणं मोजकं, चालणं त्याहून मोजकं. तर हे भाऊ एकाएकी रोज सकाळी गच्चीवर उशी छातीशी धरून, एक-दोन-तीन म्हणत गोल फिरायला लागले. कागद फायलीला लावावा तसं एकेक पाऊल जपून टाकायचे. मला लई नवल! शेवटी आमच्या गच्चीवरून विचारलंच.

"ताई, लेकानं आम्हा दोघांचं क्रूझचं तिकीट काढलंय. तिथं दुपारी जोडीचा नाच शिकवतात, संध्याकाळी सगळे नाचतात. म्हणलं, आधीच तयारी करावी."

खालून वहिनी कडाडल्या, "करा तयारी! मी नाय नाचायची. रस्त्यानं कायम चार पावलं पुढं चालता, आता जगासमोर हात धरणार व्हय?"

भाऊंनी मात्र फिरणं थांबवलं नाही.

परवा दोघं जहाजावरून परत आले. मी वहिनींना गाठलं, "नाचलात का?"

"कसलं वो! गर्दीत उभं राहिलो, तर हे सगळी पावलं विसरले. नुसते उभे. पण तीन गाणी संपली तरी माझा हात सोडला नाय. शेवटी मीच म्हणलं, चला, बसू आता, पाय दुखतेत."