काकूच्या लिंबाला बांधलेली तार

वालूरला आमच्या गच्चीवरून एक तार निघते आणि शेजारच्या काकूच्या कडुलिंबाला जाऊन थांबते. परवाना काढून हॅम रेडिओवर लांबलांबच्या लोकांशी गप्पा मारायचा मला नाद आहे. तारेच्या एका टोकाला रेडिओ, दुसरं टोक मोकळंच. एवढ्यावर ती तीन-चार बँडांवर, म्हणजे वेगवेगळ्या लहरींवर चालते. सकाळी जवळची माणसं, उन्हं उतरली की परदेशी. आमच्या गल्लीत तिच्याइतकं कष्टाळू कुणी नाही, मी धरून.

काकूचं मत वेगळं. तिच्या शेळ्यांना पाला याच लिंबाचा, आणि माझ्या तारेपायी एक मोठी फांदी तशीच राखावी लागते. "रविवारी माझ्यासमोर कुणाशी तरी बोलून दाखीव, न्हाईतर तार सोड," तिनं बजावलं. दुसरं उंच झाड जवळपास नाही.

मधले काही दिवस मी परभणीला होतो. रविवारी सकाळी काकू खुर्चीत येऊन बसली. रेडिओ लावला तर नुसती खरखर. बँड बदलला, तिथंही तेच. तार रेडिओला जुळते ती डबी उघडली, सांधे तपासले, शेवटी सूर्यावर वादळ असेल म्हणत त्याच्यावर खापर फोडलं. सूर्य तर रोजचाच हाय, काकू म्हणाली.

नाइलाजानं तारेच्या मागं मागं लिंबाखाली गेलो. मोकळ्या टोकाला तांब्याची तार जोडून कुणीतरी ती खोडामागून जमिनीत उतरवली होती. खड्डा चांगला ओला होता. टोक मोकळं राहिलं नव्हतं, म्हणूनच ती खरखर.

"मीच जोडून घेतली मोटारवाल्याकडून," काकू म्हणाली. "टोक उघडं, खाली शेळ्या. आन् पान्याच्या मोटारीला आर्थिंग लागतंय, मंग याला न्हाई का? रोज मीठपानी घालायले मी."

जी तार हाकलायची, तिचीच ही रोज सेवा करत होती. मला हसू आवरेना. जोड काढला, टोक शेळ्या-माणसांच्या आवाक्याबाहेर उंच बांधलं आणि पुन्हा रेडिओ लावला. कोकणातल्या एका गृहस्थांचा आवाज खणखणीत आला. तार कुठं बांधलीय, त्यांनी विचारलं. मी काकूच्या लिंबाचं सांगितलं. मग काकूंना नमस्कार सांगा आणि लिंबालाही, ते म्हणाले.

काकू उठून शेळ्या सोडायला गेली. तार राहणार की सुटणार, मला कळेना.

संध्याकाळी तिचा मुलगा पाल्यासाठी कोयता घेऊन झाडावर चढला, तेव्हा खालून तिचा आवाज आला, "ती फांदी सोडून तोड. कोकनातली लोकं वळखतेत तिला."