ब्रॉडकास्टवर मागितलेलं रोप

कडावला आमचं दूध संकलनाचं छोटं केंद्र आहे. दूध घालणाऱ्या सगळ्यांची मी मोबाईलवर ब्रॉडकास्ट यादी केली आहे. ग्रुप मुद्दामच केला नाही. तिथे सुप्रभातची फुलं येतात आणि कामाचा निरोप वर निघून जातो. ब्रॉडकास्टमध्ये मी एकदाच लिहिते, 'उद्या गाडी लवकर येईल', आणि तो निरोप प्रत्येकाला वेगळा पोचतो. आणखी कुणाला गेला, ते त्याला दिसत नाही.

लावणीच्या ऐन दिवसांत ओढ्याचं पाणी माझ्या जाऊबाईंच्या शेतात शिरलं आणि बरेच दिवस हटलंच नाही. भाताचं रोप कुजून गेलं. नव्यानं पेरायला वेळ उरला नव्हता. पाणी ओसरल्यावर चिखल केलेलं खाचर तसंच मोकळं, आणि जाऊबाई बांधावर बसलेल्या. "यंदा घरचा तांदूळ नाय गं," एवढंच म्हणाल्या.

मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, 'जाऊबाईंचं रोप कुजलंय. तुमच्याकडे लावून उरलं असेल तर सकाळी ओढ्याजवळच्या शेतावर आणाल का?' यादीला पाठवलं. निम्म्या खाचराची तरी लावणी होईल, असा माझा अंदाज. संध्याकाळपर्यंत दोन अंगठे आले, बाकी शांतता.

सकाळी जाऊन बघते तर रस्त्याला मोटारसायकलींची रांग. रोज किटल्या लटकतात तिथे रोपाच्या जुड्या. कशेळ्याचा एक जण तर जीपच्या टपावर लादून आलेला. जुडी डोक्यावर घेतलेल्या एका म्हातारीला तो विचारत होता, "आजी, तू कशाला आलीस गं?"

"मला हिनं बोलावलंय. तुला रं कुणी सांगितलं?"

"मलाच तर सांगितलंय! हा बघ मेसेज."

"माझ्या नातीनं वाचला तो हाच हाय की!"

मग सगळ्यांनीच मोबाईल काढले. प्रत्येकाला वाटलं होतं, बाई अडलीय आणि तिनं फक्त आपल्यालाच विचारलंय. आपण नाही गेलो तर कोण जाणार?

"वयनी, बरं फसवलंत आमाला," जीपवाला म्हणाला आणि सगळे हसले.

मला हसता येईना. या माणसांशी माझं रोजचं बोलणं लिटर, फॅट आणि गाडीची वेळ यापलीकडे जात नाही. आणि त्यातला प्रत्येक जण, दुसरं कुणी नसणार असं धरून, पहाटे रोप उपटून निघाला होता.

जाऊबाई एव्हाना चिखलात उतरल्या होत्या. "लवकर पिकणारं वरच्या अंगाला लावा, उशिराचं खाली! दोन्ही एकात मिसळू नका रं!" मग जीपवाल्याची जुडी त्याच्याच हातात देत म्हणाल्या, "आणलंस ना? मंग लाव आता."