पडद्यावरचं लेकरू

निजामाच्या राज्यात कल्याणीला तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हाची गोष्ट. शेजारची अक्का जहागीरदाराच्या घरी दळणकांडण करायची. बोलणं मराठीत सुरू करून कानडीत संपवायची. रस्त्यात कुणाचंही लेकरू दिसलं की त्याचं नाक पदरानं पुसायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मोलकरणीला पोर झालं की कामाचा खोळंबा होतो, म्हणून मालकीणबाईंनी तिला तरुणपणीच कसलासा काढा पाजला होता.

एकदा मी तिला सिनेमाला नेलं. सिनेमा विलायती, पुढच्या काळातला. सिनेमातल्या राज्यात मूल कुणाला व्हावं हे सरकार ठरवायचं. शिपाई एका बाईचं बाळ हिसकावू लागले, तशी अक्का उठून ओरडली, "कामून न्यायलाव रे? तिचंय की ते!"

लोक हसले. मी तिला बाहेर आणलं. "अक्का, हे खरं न्हाई. पुढच्या काळातलं हाय."

"पुढच्या?" एवढंच म्हणून ती चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन शेवट पाहून आलो. अक्का दारातच उभी होती.

"त्या बाईला लेकरू मिळालं का रे?"

मिळालं नव्हतं.

"व्हय अक्का, मिळालं."

"पोरगी व्हती का पोरगं?"

"पोरगी."

"मलाबी पोरगीच पाहिजे व्हती," ती म्हणाली.