गंगव्वांच्या लेकीची तसबीर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी कायम विरुद्ध पार्टीत. आमच्या गावच्या पिंपळावर म्हणे मुंजा होता. मी त्याच्याखाली खुशाल घोरायचो. तरी ही हकीकत लिहितोय, कारण ती ऐकीव नाही... माझ्याच हातून घडलेली आहे.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. अक्कलकोटाकडच्या खेड्यातून येऊन मी भवानी पेठेत एका पेंटर मास्तरांच्या हाताखाली शिकत होतो. मोठा आर्टिस्ट व्हायचं म्हणून शहर गाठलं, आणि वाट्याला काय आलं? मयतांच्या तसबिरी! जिवंतपणी फोटो काढायचा कुणी? आम्हा लिंगायतांत मयताला बसवून, हार घालून पूजा करतात. ऐपत असली तर तेव्हाच फोटोग्राफर यायचा. त्या फोटोवरून मास्तर मोठी तसबीर रंगवत आणि मिटलेले डोळे उघडायचं काम माझ्याकडे. घरच्यांना एवढंच विचारायचं — डोळे कुणावर गेले होते? मग त्या माणसाला समोर बसवून त्याचे डोळे तसबिरीत उतरवायचे.

एक दिवस गंगव्वा आल्या. पेठेतच राहायच्या, नवरा मागेच वारलेला. हातात एकुलत्या एक लेकीचा, महादेवीचा फोटो. पोर सासरी तापानं गेली होती.

"डोळं माज्यावरच गेल्यालं," त्या म्हणाल्या. "माज्याकडं बगती आशी काडा. तेवडंच करा की."

त्या बसल्या, मी डोळे काढले. अगदी सरळ. सरळ काढलेली नजर, तुम्ही खोलीत कुठंही उभे राहा, तुमच्याकडेच बघते — कुठलाही पेंटर सांगेल. मास्तर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरून आले. "शाब्बास रे! पाठच सोडत नाही पोरगी."

तसबीर न्यायला गंगव्वा आल्या, समोर उभ्या राहिल्या.

"खाली का बगती ही?"

मला वाटलं, रडून रडून नजर गेली बाईंची. म्हणून शेजारी जाऊन उभा राहिलो... आणि अंगावर सरसरून काटा आला. पापण्या खरोखरच झुकलेल्या! भर दुपार, दार सताड उघडं. गंगव्वा मागे सरत दाराबाहेर गेल्या, तशी नजर उठून पुन्हा माझ्यावर. मास्तरांनीही पाहिलं. चिमटीत घेतलेली तपकीर ओढायची राहूनच गेली.

"बाई, पुन्हा काढून देतो," ते कसंबसं म्हणाले.

"नगा." गंगव्वा पायरीवरच बसल्या. "संक्रांतीला माघारी आली हुती. मला हितंच ठिऊन घे म्हनून पाया पडली. लोक काय म्हनतील म्हनून मीच टांग्यात बसवून धाडली. लई हाका मारल्या वो जाताना... मान वर केली न्हाई तिनं. आताबी कशाला बगंल?"

मला माझी आई आठवली.

तसबीर लावायला मीच त्यांच्या घरी गेलो. खिळा ठोकून होईपर्यंत गंगव्वा दाराआड उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या.

"तुमच्याकडं बगती का?"

"बघते, अव्वा."

"मग सांगा की... कशी बगती?"

मी सांगायला लागलो. कपाळावर बट आलीय, हसायच्या बेतात आहे, आता काहीतरी विचारेल असं वाटतं... दाराआडून येत होतं, "व्हय, व्हय, आशीच बगायची." मला रडूच फुटलं.

ते डोळे मीच काढले होते. रंग माझे, ब्रश माझा. तरी ते एका आईपुढेच का झुकायचे, हे मला आजही सांगता येत नाही. मास्तर गेले, तेही न उलगडताच गेले.

गंगव्वा होत्या तोवर मी अधूनमधून जायचो. मी तसबिरीसमोर, त्या दाराआड. चहापाणी नंतर, आधी एकच प्रश्न — "आज कशी बगती?"